बारीक तार

विद्युत गिटारीवरील जाड तारा उतरवून त्यांच्या जागी बारीक तारा चढविणे हे आज अर्ध्या घटकेचे काम आहे. वाद्यांच्या कोणत्याही दुकानात जावे, 'नवाचा' किंवा 'दहाचा' संच मागावा आणि घरी येऊन खुंट्या पिळाव्या. हा आकडा पहिल्या, म्हणजे सर्वांत उंच स्वराच्या तारेच्या जाडीचा असतो. इंचाचे हजार भाग कल्पिले, तर त्यांतील नऊ भागांइतकी जिची जाडी ती नवाची तार. वादक मंडळींत या आकड्यांवरून जे वाद चालतात ते ऐकले म्हणजे दोन मठांतील पंथभेदाची आठवण होते. एवढ्या सूक्ष्म अंतरावरून एवढा कलह का व्हावा, असे त्रयस्थास वाटणे साहजिक आहे. परंतु ही बारीक तार दुकानाच्या फळीवर येण्यापूर्वी ती मिळविण्यासाठी वादकांनी ज्या खटपटी केल्या, त्यांचा वृत्तांत पाहिला म्हणजे हा कलह अगदीच पोकळ नाही, हे ध्यानात येते.

गिटारच्या तारा मुळात जाड का होत्या, हा पहिला प्रश्न. जुन्या स्पॅनिश गिटारीला आतड्याची तात असे. ती मऊ, आणि तिचा आवाजही मऊ. पोलादी तार आली ती एका निराळ्याच धंद्यातून. एकोणिसाव्या शतकात पियानो मोठे होऊ लागले, त्यांचा ताण वाढला, आणि न तुटणाऱ्या तारेची गरज भासू लागली. ती ज्यांनी भागविली, त्यांत इंग्लंडातील बर्मिंगहॅमजवळच्या हे मिल्स येथील जेम्स हॉर्सफॉल यांचे नाव प्रमुख आहे. १८५४ च्या सुमारास त्यांनी पोलादी तारेस पाणी देण्याची जी रीत सिद्ध केली, तिच्यामुळे तारेचे बळ एकदम वाढले. या कारखान्याची तार १८६६ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबलीवर चिलखतासारखी गुंडाळलेली होती. जी वस्तू दोन खंडांस बांधण्यास पुरेशी ठरली, तीच पियानोत आणि पुढे गिटारीवर आली. बर्मिंगहॅम हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. या कथेत ते पुन्हा येणार आहे.

अमेरिकेत पोलादी तारेस खरी चालना दिली ती हवाई बेटांच्या संगीताने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे हवाई गिटारचे वेड पसरले. हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून पोलादी कांडी तारांवरून सरकवीत वाजवितात. त्यास पोलादी तारच हवी. मार्टिन या जुन्या गिटार-कारखान्याने १९२२ पासून पोलादी तारांसाठी बांधलेली वाद्ये नेमाने विकावयास आरंभ केला. त्यानंतर आले नृत्याचे वाद्यवृंद. दहा-बारा पितळी तुताऱ्यांच्या आणि ढोलांच्या गर्दीत एकटी लाकडी गिटार बसलेली. तिचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचावयाचा तर तारेने पेटीचा तक्ता जोराने हलविला पाहिजे, आणि तक्ता जोराने हलवावयाचा तर तार जाड आणि ताठ पाहिजे. काउंट बेसी यांच्या वृंदातील फ्रेडी ग्रीन हे वादक जाड तारा पडद्यांपासून चांगल्या उंच ठेवून वाजवीत. असे वाजविणे म्हणजे बोटांची तालीमच. पण त्याला कारण होते. जाड तार ही हौस नव्हती, ती आवाजाची किंमत होती.

आता मौजेची गोष्ट अशी की, ही किंमत देण्याचे कारण संपले तरी देणे थांबले नाही. जॉर्ज ब्यूशँप आणि अॅडॉल्फ रिकेनबॅकर यांची तव्याच्या आकाराची विजेवर चालणारी हवाई गिटार १९३२ साली बाजारात आली. गिब्सन कारखान्याने १९३६ साली आपली ई-एस १५० ही गिटार काढली आणि चार्ली ख्रिश्चन यांनी १९३९ पासून बेनी गुडमन यांच्या वृंदात ती वाजवून नावारूपास आणली. १९५० साली फेंडर यांची पोकळ पेटी नसलेली, भरीव फळीची गिटार आली. १९५४ साली त्यांचीच 'स्ट्रॅटोकास्टर' आली. या वाद्यांत तारेने लाकूड हलवावयाचे नसते. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तिला 'पिकअप' म्हणतात. पोलादी तार कंप पावली की गुंडाळीत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो आणि त्यास मोठा करण्याचे काम ध्वनिवर्धक करतो. म्हणजे बळ बोटांतून निघून विजेकडे गेले. तरीही पुढील वीस-पंचवीस वर्षे कारखाने गिटारसोबत बारा-तेराच्या जाड तारांचेच संच देत राहिले, आणि त्यांतील तिसरी तार 'वेष्टित', म्हणजे पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळलेली असे. का, असे विचारल्यास उत्तर एकच: गिटारच्या तारा अशाच असतात!

येथे थोडे गणित पतकरणे भाग आहे. फ्रान्समधील मारँ मेर्सेन या धर्मोपदेशकाने १६३६ साली तारेच्या कंपनाचे जे नियम ग्रंथबद्ध केले, त्यांवरून असे निघते की, लांबी आणि स्वर कायम ठेवले तर साध्या तारेचा ताण तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. फेंडरच्या साडेपंचवीस इंच लांबीच्या गिटारीवर बाराची पहिली तार स्वरात आणण्यास साडेदहा किलोंहून थोडा अधिक ताण लागतो. नवाच्या तारेस सहा किलो पुरतात. जाडी पाव भागाने घटली, पण ताण जवळजवळ निम्म्यावर आला. सहाही तारांचा हिशेब केला तर नवाच्या संचाचा भार अडतीस-एकोणचाळीस किलो होतो आणि बाराच्या संचाचा साठ किलोंच्या पुढे जातो.

हा फरक नुसती तार दाबताना जाणवतो, पण त्याहून अधिक जाणवतो तो तार ओढताना. तार पडद्यावर दाबून बाजूस ओढली की स्वर चढतो. आपल्याकडे सितारीवर हीच मींड. तिच्यावाचून सितार म्हणजे मुकी बाहुली, हे येथील रसिकांस सांगावयास नको. सितारीची मुख्य तार काही फार बारीक नसते. पण ती लांब असून गिटारच्या पहिल्या तारेपेक्षा बऱ्याच खालच्या स्वरात लावलेली असते, आणि पडदे कमानदार असतात, म्हणून तीवर चार-पाच स्वरांची मींड घेता येते. गिटारीवर ती सोय नाही. मिसिसिपीकडील निग्रो वादकांनी काचेची नळी किंवा चाकू तारेवरून सरकवून स्वरास कंठासारखा लोट आणला होता. बी. बी. किंग यांस तो नळीचा हात साधेना. आपला आप्त बुका व्हाइट याच्या वादनातील तो कंप नुसत्या बोटाने आणण्याचा प्रयत्न करता करता त्यांचा तो प्रसिद्ध हात तयार झाला, असे ते स्वतः सांगत. पुढील पिढीतील गोऱ्या पोरांनी हे ऐकले आणि त्यांना तेच हवेसे झाले. पण हाताशी होती बाराची तार आणि गुंडाळलेली तिसरी! वेष्टित तारेत सारा ताण बारीक गाभ्यावर असतो. ती आधीच एवढी ताणलेली असते की बोटाने आणखी थोडी ओढून तिचा स्वर फारसा चढत नाही. साधी तिसरी तार तेवढ्याच ओढीने कितीतरी वर जाते. कित्येकांस जे बोटांचे दौर्बल्य वाटत होते, ते वस्तुतः तारेच्या घडणीचे फळ होते.

कारखाने ऐकत नव्हते, म्हणून वादकांनी आपली वाट आपणच काढली. आणि ती बँजोच्या वाटेने गेली. बँजोला लाकडी तक्त्याऐवजी ताणलेले कातडे असते. ते हलके, थोड्या ताणावरही खणखणीत वाजते, म्हणून बँजोची पहिली तार पूर्वीपासूनच नऊ-दहाची असे. युक्ती अशी की, संचातील सर्वांत जाड सहावी तार फेकून द्यावयाची, उरलेल्या पाच तारा एकेक घर खाली सरकवावयाच्या, आणि पहिल्या घरी बँजोची तार चढवावयाची. बँजोच्या तारेच्या टोकाशी बहुधा फासा असतो आणि गिटारच्या तारेच्या टोकाशी लहानसा धातूचा मणी. तेव्हा जुन्या तारेचा मणी काढून त्या फाशात बसवावा लागे. लुइझियानातील जेम्स बर्टन, ज्यांनी १९५७ साली डेल हॉकिन्स यांच्या 'सुझी क्यू' या गीतातील गिटार वाजविली आणि पुढे रिकी नेल्सन व एल्व्हिस प्रेस्ली यांची साथ केली, त्यांनी आपल्या टेलिकास्टरवर बँजोच्या तारा चढविल्याचे प्रसिद्ध आहे. दूरचित्रवाणीवर नेल्सनच्या मागे उभ्या असलेल्या या तरुणाची तार इतकी सहज कशी वाकते, याचा उलगडा ती पाहणाऱ्या हजारो मुलांस होत नसे.

या खटाटोपाचा व्यापारी अर्थ ज्यास प्रथम उमगला तो गृहस्थ म्हणजे एर्नी बॉल. १९५८ च्या सुमारास लॉस एंजेलिसजवळ टार्झाना येथे त्यांनी केवळ गिटारींचे दुकान काढले. 'ढोल नाहीत, तुताऱ्या नाहीत, असले दुकान कसे चालणार?' असे लोक हसले असल्यास नवल नाही. बॉल शिकवणीही करीत. नवशिके विद्यार्थी फेंडरच्या मध्यम संचातील एकोणतिसाच्या वेष्टित तिसऱ्या तारेपाशी येऊन अडतात, हे त्यांच्या नजरेस आले. त्यांनी फेंडर यांस हलका संच काढण्याचे सुचविले. दाद लागली नाही. तेव्हा त्यांनी एका तार-कारखान्याकडून चोविसाची तिसरी तार घातलेले संच करवून घेतले. दुकानात येणारे धंदेवाईक वादक तर सहावी तार टाकून बँजोची तार लावतच होते. बॉल यांनी पुन्हा फेंडर यांस विचारले, पुन्हा नकार आला. मग १९६२ साली त्यांनी स्वतःच्या नावाने 'स्लिंकी' संच काढला. पहिली तार दहाची, तिसरी सतराची आणि साधी, सहावी सेहेचाळीसाची. सुट्या तारा निरनिराळ्या जाडीच्या मांडून ठेवण्याची प्रथाही त्यांनी पाडली. ज्यास जशी हवी तशी त्याने उचलावी. नवाचा 'सुपर स्लिंकी' हाही त्याच घराण्यातला. या माणसाने नवीन काहीच शोधून काढले नाही, असे कोणी म्हटल्यास ते खोटे नाही. पण विद्यार्थ्याचे बोट कोठे अडते हे पाहणारा शिक्षक आणि ते पाहून तार विकणारा दुकानदार एकाच माणसात असणे, ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नव्हे. मोठ्या कारखान्यांत हे दोघे सहसा एकमेकांस भेटतच नाहीत.

इंग्लंडात हे संच पोहोचावयास आणखी काही वर्षे लागली. यार्डबर्ड्स या मेळ्यात १९६३ ते १९६५ या काळात एरिक क्लॅप्टन वाजवीत असत. तार सुखाने ओढता यावी म्हणून ते पहिली तार फार बारीक लावीत. ती वारंवार तुटे, ते व्यासपीठावरच उभे राहून नवी चढवीत, आणि तोवर श्रोते संथ लयीत टाळ्या वाजवीत राहत. 'स्लोहँड' हे त्यांचे टोपणनाव त्या टाळ्यांवरून पडले, असे सांगतात. एवढ्या चपळ बोटांच्या माणसास 'मंदहस्त' म्हणावे, हा तारेच्या जाडीने केलेला विनोदच म्हणावयाचा.

आता बर्मिंगहॅम. टोनी आयोमी हा तेथील सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या एका कारखान्यात डाख देण्याचे काम करी. १९६५ सालची गोष्ट. गिटार वाजविण्यासाठी परदेश दौऱ्यावर जावयाचे म्हणून नोकरी सोडलेली, आणि कामाचा तो शेवटचा दिवस. दुपारी जेवावयास घरी आला तेव्हा परत जाऊच नये असे त्यास वाटत होते. हाती घेतलेले काम नीट पुरे कर, असे आईने सांगितले, म्हणून गेला. पत्रा दाबण्याच्या यंत्रावरचा माणूस त्या दिवशी आला नव्हता. सवय नसताना हा त्या जागी उभा राहिला. यंत्र उजव्या हातावर आले. झटक्याने हात मागे ओढला आणि मधल्या व अनामिका या दोन बोटांची अग्रे गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात उजवा, आणि गेली ती नेमकी त्याच हाताची बोटे. डॉक्टरांनी वाजविणे विसरावयास सांगितले. कारखान्यातील वरिष्ठाने मात्र घरी येऊन एक ध्वनिमुद्रिका ऐकविली; ती जँगो राइनहार्ट यांची होती. १९२८ साली आपल्या गाडीस लागलेल्या आगीत राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, आणि ऐकविले जात होते ते सारे उरलेल्या दोन बोटांचे काम होते.

आयोमीने भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळविली, तिचा गोळा केला, डाख देण्याच्या तापलेल्या सळईने त्यात बोट जाईल एवढे छिद्र पाडले, घासून घासून टोपणे केली आणि तार निसटू नये म्हणून त्यांवर कातडे चिकटविले. शिंप्याच्या अंगुस्तानासारखी ही टोपणे चढविली की तार दिसते, पण लागत नाही. किती जोराने दाबली हे बोटास कळत नाही. बाराची तार अशा बोटांनी ओढणे शक्यच नव्हते. बाजारात बारीक संच त्यास मिळेना. शेवटी त्यानेही बँजोच्या तारा चढविल्या. अमेरिकेत ज्या युक्तीने बोटांस विलास मिळाला, तिने येथे बोटांस निर्वाह दिला. तार-कारखान्यांकडे त्याने खेटे घातले, तेव्हा असले संच कोण घेणार, वाजतील तरी कसे, अशीच उत्तरे मिळाली. अखेर १९७० च्या सुमारास वेल्समधील पिकाटो या कंपनीने ते करून दिले.

१३ फेब्रुवारी १९७० रोजी 'ब्लॅक सॅबथ' या त्यांच्या मेळ्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढील वर्षीच्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या मुद्रिकेत आयोमीने काही गीतांसाठी सहाही तारा तीन अर्धस्वरांनी उतरविल्या. मेर्सेनच्या नियमाने पाहिले तर एवढ्याने ताण शेकडा एकोणतीस भाग कमी होतो. दुखऱ्या बोटांस आराम मिळाला. परंतु त्याबरोबर आवाज खोल, मंद आणि भयाण झाला, आणि जगभर त्या आवाजाचे अनुकरण झाले. जाड तारेवाचून भारदस्त आवाज निघत नाही, या सिद्धान्ताचे मोठ्यात मोठे खंडन आठाची तार लावणाऱ्या या कामगाराने केले, असे मला वाटते.

तरी त्या सिद्धान्तात तथ्य मुळीच नाही, असे मात्र नव्हे. पिकअपवरून जाणाऱ्या तारेत पोलाद जितके अधिक, तितका प्रवाह अधिक. हे भौतिकशास्त्रच आहे. बारीक तार जोराने छेडली तर आरंभी तिचा स्वर क्षणभर चढून मग खाली येतो, आणि उतावळ्या हाताखाली ती बेसूर होते. टेक्ससचे स्टीव्ही रे व्हॉन तेराचे संच लावीत, आणि त्यांच्या घनगंभीर स्वराचे रहस्य त्यात आहे असे पुष्कळांस वाटते. त्यांची बोटे सोलून निघत आणि ती ते चिकट द्रवाने जोडून घेत, हेही त्यांचे भक्त अभिमानाने सांगतात. मात्र व्हॉन सर्व तारा अर्धस्वराने उतरवीत, हे सांगावयाचे राहून जाते. हिशेब केला तर त्यांच्या तेराच्या तारेचा ताण नेहमीच्या स्वरातल्या सव्वाबाराच्या तारेइतका भरतो. उलट बाजूस टेक्ससचेच बिली गिबन्स. त्यांची गिटार एकदा बी. बी. किंग यांनी हातात घेतली, जाड तारा चाचपल्या, आणि एवढे कष्ट कशासाठी, असे विचारले. तेव्हापासून आपण हलक्या तारांकडे वळलो, असे गिबन्स सांगतात. ते साताच्या तारेपर्यंत आले, आणि त्यांचा आवाज पातळ आहे अशी तक्रार मी तरी ऐकलेली नाही. बोटे रक्ताळली म्हणजे रियाझ झाला, अशी समजूत आपल्याकडील संगीताच्या बैठकींतही ऐकू येते. वादकाने तारेशी झुंजावे की बोलावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण रक्ताचा डाग श्रोत्यास ऐकू येत नाही.

तारा बदलताना गिटारच्या अंगी जे फेरफार करावे लागतात, त्यांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे; कारण बारीक तारेची पुष्कळशी अपकीर्ती तेथून उद्भवते. दांडीच्या आत एक पोलादी सळई असते. गिब्सन कारखान्यातील थॅडियस मॅकह्यू यांनी १९२३ साली तिचे एकस्व मिळविले. तारांची ओढ दांडीस पुढे वाकविते आणि सळई तीस मागे धरते. तारा हलक्या झाल्या की या रस्सीखेचीत सळई जिंकते, दांडी मागे झुकते आणि तारा पडद्यांवर आपटून खरखरतात. सळई किंचित सैल केली की दोष जातो. दांडीच्या टोकावरील खाचा जाड तारांच्या मापाने कोरलेल्या असतात, त्यांत बारीक तार सैल पडते. घोडीवरील तारेची जागाही बदलावी लागते. विशेषतः वेष्टित तिसरीच्या जागी साधी आली तर घोडी थोडी मागे सारल्यावाचून वरचे पडदे सुरात बोलत नाहीत. सर्वांत गमतीचा प्रकार जुन्या स्ट्रॅटोकास्टरचा. वेष्टित तिसरीचा पोलादी गाभा बारीक, म्हणून तिचा आवाज दबू नये यासाठी तिच्याखालचा चुंबक मुद्दाम उंच ठेवलेला असे. साधी तिसरी आल्यावर ती शेजारणींवर ओरडू लागली. वेष्टित तिसरी प्रचारातून गेल्यावरही जुन्या धर्तीच्या पिकअपमध्ये तो उंच चुंबक तसाच उभा राहिला.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा उठलाच नाही, याचे कारण गिटार आपल्याकडे लोकप्रिय झाली ती पुष्कळ अंशी हवाई रूपाने. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत व्हॅन शिप्ले यांनी विद्युत गिटार गाती केली. पुढे १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' या मुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रा यांनी शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह मांडीवरच्या गिटारीवर राग वाजविले. कांडी सरकवून मींड घ्यावयाची असेल तर तार दाबावीही लागत नाही आणि ओढावीही लागत नाही. तेथे जाड तारच बरी.

फेंडर कंपनीने पुढे बारीक तारांचे संच काढले, हे सांगावयास नकोच. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममधील अॅस्टन भागात, व्हिला पार्कच्या मैदानावर 'ब्लॅक सॅबथ'चे मूळचे चौघे अखेरचे एकत्र वाजले. आयोमी तेव्हा सत्याहत्तर वर्षांचे होते, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर टोपणे होती.